सूर्यास्त, लोकल आणि छोटीचं ताट



बस्तीत नवीन ओळख झाली की दुसरा-तिसरा प्रश्न हमखास येतो. "मुंबईत नोकरी करून रात्रीचं जेवण पाळता? तेही एवढं लहान मूल असताना?" गावाकडची बाई विचारते तेव्हा त्यात कौतुक असतं. मुंबईतली विचारते तेव्हा तिला खरंच वेळापत्रक हवं असतं. म्हणून आज वेळापत्रकच लिहायला बसले आहे. आमची छोटी आता अडीच वर्षांची झाली. तिचे तीन पावसाळे आणि दोन हिवाळे झालेत, त्यामुळे थोडाफार अनुभव गाठीशी आहे.

माझं ऑफिस लोअर परळला, घर बोरिवली पूर्वेला. ५.३० ला सुटते, दादरला गाडी बदलून फास्ट पकडते, पुढे रिक्षा. सगळं सुरळीत असेल तर ६.५० ला दार उघडते. हा एक आकडा लक्षात ठेवा, कारण आमच्या घरातलं वर्ष या आकड्याभोवती फिरतं. मुंबईत जुलैच्या सुरुवातीला सूर्य ७.२० च्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरच्या शेवटी ६ वाजताच. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत मी घरी पोचते तेव्हा थोडा तरी दिवस शिल्लक असतो. तेवढेच महिने मी आणि माझी लेक कामाच्या दिवशी एका पंगतीला बसतो. सुट्ट्या, रजा, उशीर झालेले दिवस वजा केले तर वर्षातले ऐंशी-नव्वद दिवस. बाकीच्या कामाच्या दिवशी ती घरी जेवते, मी ऑफिसात.

कोणी म्हणेल, मुलीबरोबर बसण्यासाठी नियम थोडा सैल कर ना. मला सांगणाऱ्याही आहेत, आणि त्या वाईट हेतूनं सांगत नाहीत. पण हा नियम मी लग्नाआधीपासून पाळते, तो कोणी लादलेला नाही. शिवाय माझा नियम अन्नापुरता आहे, पाणी मी घेते. छोटीच्या आज्जीचं पाणीही सूर्याबरोबर थांबतं, आणि जेवण तर त्या सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधीच आटोपतात. छोटीचे बाबा साडेआठला येतात आणि झाकून ठेवलेलं जेवतात. एका घरात तीन पायऱ्या आहेत, आणि कोणी कोणाला वरच्या पायरीवर ओढत नाही. लग्न झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आज्जींनी हे स्पष्ट केलं होतं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आणि छोटी? आपल्याकडे आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल व्रताला पात्र धरत नाहीत. तिला नियम नाही. तिला फक्त घराची सवय आहे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो आणि पुढे जे लिहिते आहे ते त्याच्या आधारानंच वाचावं.

आमचा सोबतीचा काळ अक्षय्य तृतीयेच्या आसपास सुरू होतो. आदिनाथ भगवंतांचं पारणं राजा श्रेयांसाच्या हातून उसाच्या रसानं झालं ती ही तिथी. गावाकडे, सांगलीच्या बाजूला, ऊस ही काही आणायची वस्तू नव्हे, तो दारातच असतो. इथे मी छोटीला कडेवर घेऊन स्टेशनजवळच्या रसवंतीवर जाते आणि गाडीवाल्याला सांगते, "आलं नको, बर्फ नको, आणि आधीचा आल्याचा चोथा काढून घे बाबा." तो न चिडता काढतो. त्याच्याकडे बोरिवलीतल्या इतक्या गुजराती-मारवाडी बायका हेच सांगत येतात की आता मी दिसले की तोच विचारतो, "जैन?" या वर्षी छोटीनंही हात वर करून सांगितलं, "जैन!" तिला वाटलं हे रसाचं नाव आहे.

मे महिन्यात आम्ही पंधरा दिवस गावी जातो. तिथे एक गोष्ट दिसते जी मुंबईत कितीही सांगितली तरी कळत नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाला अख्ख्या गल्लीतून ताटांचा आवाज येतो. सोप्यात, कट्ट्यावर, अंगणात सगळे एकाच वेळी जेवत असतात. काकू, आत्या, चुलत भावंडं, शेजारची म्हातारी. छोटी एका ताटातून दुसऱ्या ताटाकडे फिरते, कुठे भाकरीचा तुकडा, कुठे आंब्याची फोड. कोणी तिला सूर्याबद्दल काही सांगत नाही. अंधार पडला की भांडी घासलेली असतात आणि गप्पा सुरू होतात. मुंबईत जे मी रेल्वेच्या वेळापत्रकाशी भांडून मिळवते ते तिथे कोणाच्या लक्षातही येत नाही.

गावाहून येताना आज्जींचा एक आग्रह असतो, तिथलं कॅलेंडर आणायचं. त्यात रोजचा सूर्योदय-सूर्यास्त छापलेला असतो, पण तो सांगलीचा. सांगली पूर्वेला आहे, त्यामुळे उन्हाळ्यात मुंबईचा सूर्य दहा-अकरा मिनिटं उशिरा मावळतो. मी एकदा म्हटलं, "आई, इथं अजून वेळ आहे, सावकाश जेवा." त्या म्हणाल्या, "असू दे की. माझा सूर्य तिकडचाच." हिवाळ्यात हा फरक दोन-तीन मिनिटांवर येतो, तेव्हा आम्हा दोघींचं गणित जुळतं.

मग पाऊस येतो. दिवस सगळ्यांत मोठे आणि गाड्या सगळ्यांत बेभरवशाच्या, असा हा काळ. याच जुलैतली गोष्ट. दुपारपासून धो धो पडत होता, रुळांवर पाणी, आमची गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी. ६.३० झाले, ६.४५ झाले. डब्यात उभं राहायला जागा नाही, एरवी याच डब्यात बायका मटार सोलतात आणि भाजी निवडतात. त्या दिवशी सगळ्यांचे हात वरच्या कड्यांना. आज्जींचा फोन आला. छोटी खिडकीपाशी बसली आहे, ताट समोर आहे, आणि एकच म्हणते आहे, "आई आली की."

मी त्यांना म्हटलं, तुम्ही भरवा. त्या म्हणाल्या, "तोंडच उघडंना झालंय गं."

माझ्या शेजारी बसलेली बाई हे सगळं ऐकत होती. कच्छी जैन निघाली, मुलुंडहून लग्न होऊन कांदिवलीला आलेली. तिनं घड्याळ पाहिलं, म्हणाली, "आज सात-अठरा आहे, अजून वेळ आहे," आणि पिशवीतून मुगाच्या खाकऱ्याचा डबा काढला. मला सरकून अर्धी जागा दिली. मी व्हिडिओ कॉल लावला. नेटवर्क तुटक तुटक, पण छोटीला मी दिसले. मी खाकरा मोडून तोंडात घातला आणि म्हटलं, "बघ, आई जेवते." ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं आ केला. इकडे मी एक घास, तिकडे ती एक घास. खाकरेवाल्या ताई मध्येच स्क्रीनमध्ये डोकावून "शाबास, हजी एक" म्हणत होत्या. डब्यातल्या आणखी दोघी-तिघी बघायला लागल्या. ७.१० ला तिचा मूगभात संपला. मी घरी पोचले तेव्हा ९ वाजून गेले होते आणि ती झोपली होती.

त्या ताईंचं पर्युषण आमच्या दशलक्षणाच्या आधी येतं, देवळाच्या रीती वेगळ्या, भाषा वेगळी. नाव विचारायचं राहून गेलं. पुन्हा भेटल्या नाहीत. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर तुमचा डबा माझ्याकडेच आहे.

पावसाळ्यातला दुसरा मोठा विषय म्हणजे पीठ. पिठाची मर्यादा तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच, हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. हवेत दमटपणा आला की पिठात जीव लवकर पडतो, एवढं साधं कारण. मुंबईत एसीच्या ऑफिसात बसून ऋतू बदललेला मला कित्येकदा कळत नाही, पण स्वयंपाकघरात तो या तीन आकड्यांनी कळतो. पाकिटातलं पीठ कधी दळलंय याचा पत्ता नसतो आणि बाळांची तयार पाकिटं तर विचारूच नका. छोटी सहा महिन्यांची होऊन वरचं खायला लागली तो ऑगस्ट होता. तेव्हाच आम्ही घरघंटी घेतली. आमच्या दोघांच्या एका महिन्याच्या बचतीएवढी किंमत होती आणि ती जागाही बरीच अडवते, पण घरातल्या सगळ्या यंत्रांत तीच मला सर्वांत उपयोगाची वाटते. पावसाळ्यात आज्जी किलोभरच दळतात, आणि छोटीची नाचणी वेगळी, वाटीभर. डब्याच्या झाकणावर खडूनं वार लिहितात. छोटीला वार वाचता येत नाही, पण दर तीन दिवसांनी घरघंटी वाजते हे तिला पक्कं माहीत आहे. सकाळी उठून विचारते, "आज घुर्र?" थंडीत आठवडाभर घुर्र होत नाही तेव्हा ती घरघंटीला थोपटते. तिला वाटतं आजारी पडली.

चातुर्मासात आमच्याकडे पालेभाज्या बंद. छोटीला लोह कमी पडेल का, ही काळजी मला पहिल्या वर्षी होती. डॉक्टर बाईंना विचारलं. त्यांनी आमचं काय चालतं काय नाही हे नीट ऐकून घेतलं आणि नाचणी, हुलगे, मूग, खजूर, राजगिरा, वरून लिंबू, अशी आमच्याच घरातली यादी करून दिली. हुलग्याचं माडगं ती वाटीला तोंड लावून पिते. त्यामुळे ज्या मैत्रिणी डॉक्टरांना आपला आहार सांगायला लाजतात त्यांना मी म्हणेन, सांगा. न सांगता पाळण्यात मुलाचं नुकसान आहे.

आता त्या रात्रीबद्दल लिहिते, जिच्याबद्दल लिहावं की नाही हे मी आज्जींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही की. त्यात काय चोरी हाय?"

गाडी अडकली त्यानंतर दोन आठवड्यांनी छोटीला ताप आला. संध्याकाळी तिनं काही खाल्लं नव्हतं. रात्री ९ ला १०२ च्या वर गेला. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं आणि म्हणाले, पोटात काहीतरी हलकं जाऊ दे, पाणी देत राहा. तिला मांडीवरून खाली ठेवायला गेले तर ती गळ्याला घट्ट धरून रडायला लागली. बाबा औषध आणायला खाली गेले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला.

तुम्हाला हे कसं सांगू? आज्जींनी लग्न झाल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक, सूर्यास्तानंतर चूल पेटवलेली नाही. पूर्वी चूल, मग स्टोव्ह, मग गॅस. स्वतःच्या दुखण्यातसुद्धा नाही. आमचं घर नॅशनल पार्कपासून जवळ आहे, पावसाळ्यात दिवा लावला की खिडकीत पाकोळ्यांची नुसती गर्दी होते. रात्री स्वयंपाक का नाही करायचा हे आमच्याकडे कोणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही, ओट्यावर सकाळी पडलेले पंख बघितले की पुरे.

मी छोटीला घेऊन दारात गेले. आज्जींनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. हॉलचा दिवा बंद केला होता. ओट्यावरची मोठी ट्यूब बंद, फक्त देव्हाऱ्याजवळचा छोटा बल्ब चालू होता. गॅसवर भाताची पेज रटरटत होती, त्यावर झाकण, आणि त्या शेजारी उभ्या राहून एका हातानं फडकं हलवत होत्या, एखादी पाकोळी आलीच तर ज्योतीपासून लांब जावी म्हणून. ओठ हलत होते, णमोकार चालला होता. मला म्हणाल्या, "तू बस जा तिला घेऊन. तिला तूच पाहिजेस. मी आणते."

छोटीनं सहा-सात चमचे पेज घेतली, औषध घेतलं, पहाटे ताप उतरला. दुसऱ्या दिवशी आज्जींनी एकाशन केलं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. परवा हे लिहू का विचारलं तेव्हाच पहिल्यांदा आम्ही त्यावर बोललो. मी म्हटलं, "आई, तुमचा नियम मोडला." त्या भाजी निवडत होत्या, हातातली शेंग बाजूला ठेवून म्हणाल्या, "माझा होता, मी बघून घेतलं. पोरगीला कुठला नियम होता?"

मी हे प्रवचनात ऐकलं असतं तर मान डोलवून विसरले असते.

गणपती आणि आमचं दशलक्षण एकत्रच येतं, पंचमीला सुरू आणि अनंत चतुर्दशीला समाप्त. खाली सोसायटीचा मंडप, ८ वाजता आरती. छोटीला टाळ फार आवडतात, आम्ही जातो. आरतीनंतर पेढा मिळतो. गेल्या वर्षी ती दीड वर्षाची, हातात पेढा आणि तोंडात बोट. आज्जी म्हणाल्या, "उद्या?" तिनं मान हलवली आणि पेढा लगेच खाल्ला. आम्ही दोघी हसलो, कोणी काढून घेतला नाही. या वर्षी तिला "उद्या" कळायला लागलं आहे. मिळालेली वस्तू डबीत ठेवायची, डबी उशाशी, सकाळी उघडायची, हा तिला खेळ वाटतो. मधूनच पहाटे साडेपाचला खेळ सुरू होतो, हा त्यातला तोटा. प्लेग्रुपमध्ये वाढदिवसाला बटाट्याचे वेफर्स येतात, आम्ही तिच्याबरोबर केळ्याचे देतो, तेवढ्यानं भागतं. यावर लांबलचक चर्चा करणाऱ्या मैत्रिणी आहेत, मला तो विषय तेवढा मोठा वाटत नाही.

पाऊस थांबला की रविवारी आम्ही नॅशनल पार्कमधल्या तीन मूर्तीला जातो. आदिनाथ, भरत आणि बाहुबली. बाहुबलींच्या पायावरून चढलेले वेल तिला फार आवडतात, "गुदगुल्या?" असं विचारते. परत येताना पार्कात एका झाडाला बुंध्यापासून वरपर्यंत हिरवी वेल गुंडाळलेली दिसली. ती रस्त्यात थांबली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "बाहुबली!" मागून येणारं एक कुटुंब थांबून झाडाकडे बघत राहिलं.

दिवाळीला पहाटे बस्तीत निर्वाण लाडू, त्यानंतर आमचा कठीण काळ. सूर्यास्त सहावर येतो. मी ऑफिसात ५.१५ ला डबा उघडते. पूर्वी लोक विचारायचे, "एवढ्या लवकर?" आता माझा डबा उघडला की बाजूची मुलगी चहा आणायला उठते, तिचं घड्याळ झालंय ते. घरी पोचते तेव्हा सगळं आवरलेलं असतं. छोटी जेवलेली, ओटा पुसलेला, बाहेर काळोख. पहिल्या हिवाळ्यात ती नऊ-दहा महिन्यांची होती, घरी आल्या आल्या तिला अंगावर घ्यायचे, त्यामुळे काही तुटलंय असं वाटलं नाही. रात्रीचं अंगावरचं दूध चालतं का, असं मला दोन-तीन जणींनी विचारलं आहे. आमच्या घरात तो प्रश्नच कधी आला नाही, आज्जींनी येऊ दिला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तिचं दूध सुटलं आणि मग मला ते रिकामपण लागलं. दिवसभर दूर राहून घरी यावं आणि लेकीला एक घासही भरवता येऊ नये. गाडीत बोरिवली जवळ आलं की पोटात कालवायचं, आणि ती भूक नव्हती.

उपाय छोटीनंच काढला, जानेवारीत कधीतरी. मी हातपाय धुऊन बसले की ती तिची खेळातली ताटली घेऊन येते, त्यात काही नसतं. रिकामा चमचा माझ्या तोंडाशी धरते. "आई, वरण." मी खाते. "आई, भाकरी." मी खाते. मग ती खिडकीकडे बोट दाखवून दबक्या आवाजात सांगते, "सूर्य झोपला. खोटं खोटं जेव." भरपूर आग्रह करते, आज्जीसारखाच, "घे की अजून." बाबा साडेआठला आले की खरं ताट वाढून घेतात, तेव्हा ती त्यांच्या मांडीवर बसते. त्यांच्या ताटातलं कधी मागते, कधी नाही. मागितलं तर देतात.

हे लिहितेय तोवर ऑगस्ट संपत आला. कॅलेंडरवर सूर्यास्त सातच्या आत आला आहे. काल मी ६.५० ला पोचले, छोटी ताटावर बसून होती, आम्ही पाच-सहा मिनिटांत चार घास एकत्र खाल्ले आणि आज्जींनी खिडकीतून बघून "झालं" म्हटलं. सोमवारपासून पुन्हा दोन डबे न्यायचे, दुपारचा आणि संध्याकाळचा. मुगाचे खाकरे करायला शिकतेय, ते टिकतात.